एकविसावा रकाना

(सर्व वेळा भारतीय)

फेब्रुवारी 2024
अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या क्राउडस्ट्राइक कंपनीने ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरची विंडोजसाठीची 7.11 ही आवृत्ती आणली. तिच्यातला, धोका ओळखण्याचे नियम लिहिण्यासाठीचा नवा नमुना 21 रकान्यांचा. पण ते भरणारा कोड 20च किमती पुरवत होता. दोन्ही बाजू आपापल्या जागी बिनचूक चालत होत्या. बिनसले होते ते त्यांच्यातल्या करारात, आणि करार कंपायलर तपासत नाही.

5 मार्च
या नमुन्यावरचा पहिला नियम जगभर गेला. एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असा शेरा होता, म्हणून तिकडे कुणी पाहिलेच नाही. एप्रिलमध्ये आणखी तीन नियम गेले. तेही सुखरूप.

शुक्रवार, 19 जुलै, सकाळी 9.39
291 क्रमांकाच्या चॅनल फाइलमधून दोन नवे नियम निघाले. त्यांतल्या एकाने एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच खरी अट घातली. फाइल तपासणाऱ्या प्रोग्रामने ती पास केली, कारण 21 किमती येणार हे त्यानेही गृहीत धरले होते. आधी थोड्या संगणकांवर सोडून बघू, असे कुणी केले नाही. याला मी अपघात म्हणणार नाही; हा निष्काळजीपणाच.

पुढच्या काही क्षणांत
धुळ्याच्या बाजार समितीत कारकुनाकडे वीस शेतकऱ्यांच्या पत्त्यांची यादी आहे आणि त्याला एकविसाव्याच्या घरी जायला सांगितले आहे, असे समजा. तो यादीखालच्या कागदावरचा कुठलासा आकडा पत्ता म्हणून वाचतो आणि निघतो. तिथे घरच नसते. मेमरीत हेच झाले: विसाच्या पुढची जागा वाचली गेली, तिथे पडलेले बाइट पत्ता मानले गेले आणि तो पत्ता खोटा निघाला. साधा प्रोग्राम असता तर तेवढाच बंद पडला असता. फाल्कन विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसलेले. तिथे अख्खा संगणकच थांबतो. निळा पडदा, रीस्टार्ट, पुन्हा निळा पडदा.

10.57
कंपनीने फाइल मागे घेतली. 78 मिनिटे झाली होती. पण जो संगणक सुरूच होत नाही, तो दुरुस्ती घेणार कुठून?

दुपार
देशातल्या विमानतळांवर चेक-इनच्या रांगा लांबल्या. बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. इंडिगोने सुमारे दोनशे उड्डाणे रद्द केली. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने ‘गंभीर’ श्रेणीचा इशारा काढला. दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. सरकारी कार्यालयांना जोडणारे एनआयसीचे जाळे मात्र वाचले. पहाटेपासून मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा अमेरिकेतला एक विभागही कोलमडलेला होता. त्यामुळे कुठला काउंटर कोणी पाडला याची सरमिसळ झाली आणि सगळी पावती मायक्रोसॉफ्टच्याच नावाने फाटली.

20 जुलै, पहाटे 3
विमान कंपन्यांच्या यंत्रणा पूर्ववत होऊ लागल्याचे हवाई वाहतूकमंत्र्यांनी नंतर सांगितले. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टचा अंदाज आला: 85 लाख संगणक. उपाय बहुतेक ठिकाणी हातानेच करायचा होता: सेफ मोडमध्ये जा, ती फाइल पुसा, मग पुढचा संगणक.

6 ऑगस्ट
कंपनीचा सविस्तर अहवाल आला. मूळ कारण: 21 विरुद्ध 20.

शिरपूर-बांभोरीच्या कॉलेजांतून बाहेर पडून जळगावच्या सराफाला काटा किंवा धुळ्याच्या कार्यालयाला अंगठ्याचे हजेरीयंत्र जोडून देणाऱ्या पोरांसाठी हा घटनाक्रम परका नाही. यंत्रासोबत सी भाषेतली डीएलएल येते आणि आपण सी-शार्पमधून तिला हाक मारतो; दोन बाजूंमधला करार इथेही कंपायलर तपासत नाही. विंडोजवर सीमधला लाँग 4 बाइटांचा, सी-शार्पमधला 8. सी++मधला बूल साधारण 1 बाइटाचा, पण सी-शार्पचा बूल पलीकडे जाताना मुळात 4 बाइटांचा धरला जातो. पॅकिंग वेगळे असेल तर मधली भरतीची जागाही बदलते. मग एखादे फील्ड शून्य असेपर्यंत सगळे ठीक दिसते आणि पहिल्या खऱ्या आकड्याला वजनाच्या जागी भलतेच काही उमटते. म्हणून गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी सीमधला साइझऑफ आणि सी-शार्पमधला मार्शल.साइझऑफ शेजारी छापून बघा. दोन्ही जुळले तरी प्रत्येक फील्डचा ऑफसेट तपासा आणि चाचणीत एकही फील्ड शून्य ठेवू नका.