पेट्रोल की करंट? : महाराष्ट्रातील जुन्या मोटारींचे दोषनिदान आणि गॅरेजमधील ज्ञानपरंपरा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मोटार उद्योगाचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स, कुर्ला येथील तिचा कारखाना, परवाना पद्धती आणि १९९१ नंतरचे उदारीकरण हे या इतिहासाचे परिचित टप्पे होत. परंतु मोटार कारखान्यातून एकदाच बाहेर पडते. त्यानंतर ती वीस-पंचवीस वर्षे रस्त्यावर टिकते ती प्रामुख्याने दुरुस्ती करणाऱ्यांमुळे. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा नसून वापराचा आणि देखभालीचाही असतो, असे प्रतिपादन केले आहे. या दृष्टीने पाहता गॅरेजमधील मिस्त्री हा इतिहासलेखनाने दुर्लक्षिलेला घटक ठरतो. बंद पडलेल्या गाडीतील इंधनाचा व विजेचा दोष शोधण्याची त्याची पद्धत कोणत्या परिस्थितीत घडली, तिचे स्वरूप काय होते आणि २००० नंतर तिचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

टंचाईची अर्थव्यवस्था आणि दीर्घायुषी मोटार

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्योत्तर काळात देशातच सुटे भाग निर्माण करण्याची अट कठोर झाली आणि १९५३-५४ च्या सुमारास जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी येथील काम थांबविले. यानंतर खाजगी मोटारींच्या बाजारात प्रामुख्याने तीन नावे उरली: अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड. मोटारीसाठी नाव नोंदवून अनेक वर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे हाती आलेली गाडी मोडीत काढणे हा पर्याय बहुतेकांना उपलब्ध नव्हता.

या टंचाईला दुसरी बाजूही होती. फियाट ११०० ही गाडी १९५४ च्या सुमारास येथे तयार होऊ लागली. पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने तिचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले. अँबॅसिडरचे उत्पादन तर १९५७ पासून २०१४ पर्यंत चालले. मूळ रचना इतका दीर्घ काळ फारशी न बदलल्याने एका पिढीने शिकलेले दोष दुसऱ्या पिढीलाही जसेच्या तसे भेटत राहिले. ज्ञानाचा संचय होण्यास लागणारी स्थिरता या बंदिस्त बाजारपेठेने अजाणता पुरविली. पुण्यातील नाना पेठ, मुंबईतील ऑपेरा हाऊसचा परिसर आणि कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार ही या ज्ञानाला आधार देणारी ठिकाणे होती.

दोषनिदानाची रीत

जुन्या पेट्रोल मोटारीची प्रज्वलन व्यवस्था मुळात चार्ल्स केटरिंग यांच्या रचनेवर आधारलेली होती. ही रचना १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींत प्रथम वापरात आली. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून जातो, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडताच तो खंडित होतो आणि त्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. इंधनाची व्यवस्थाही तितकीच उघडी होती. टाकीतील पेट्रोल पंपाने ओढले जाई आणि कार्बोरेटरच्या जेटमधून हवेत मिसळे. दोन्ही मार्ग डोळ्यांना दिसत, हातांना लागत.

म्हणून मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असे: पेट्रोल येत नाही की करंट येत नाही? कॉइलची जाड वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरावयाचे व सेल्फ मारावयाचा. ठिणगी निळी व जोरकस पडली तर तेथपर्यंतची वीज ठीक समजावी. पिवळसर व क्षीण पडली तर पॉइंट जळलेले, कंडेन्सर निकामी किंवा बॅटरी दुबळी असण्याचा संभव. त्यानंतर कार्बोरेटरजवळची नळी सोडून पेट्रोलची धार पाहावयाची. दोन्ही ठीक असतील तर टायमिंगकडे वळावयाचे. प्लगचा रंगही साक्ष देई. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरकेपणा म्हणजे मिश्रण पातळ, ओलसर तेल म्हणजे रिंगा झिजलेल्या, आणि बिस्किटासारखा तपकिरी रंग म्हणजे सारे सुरळीत.

या पद्धतीची खरी कसोटी एका विशिष्ट दोषात लागे. गाडी तापल्यावर अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. याची किमान दोन कारणे संभवतात. एक, उष्णतेने नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे. दुसरे, तापलेल्या कॉइलचे आतील वेटोळे तुटून विजेचा मार्ग खंडित होणे. थंड होताच दोन्ही दोष नाहीसे होतात. पंपावर ओले फडके टाकून थांबल्यावर गाडी सुरू झाली, तर श्रेय फडक्याचे की निव्वळ गेलेल्या वेळेचे, हे सांगता येत नाही. जाणता मिस्त्री म्हणूनच गाडी गरम व बंद असतानाच ठिणगी तपासे. ठिणगी असेल तर वीज निर्दोष ठरून शोध इंधनाकडे वळतो, नसेल तर कॉइल हा पहिला संशयित. दोष हजर असतानाच त्याची परीक्षा घ्यावी, हे तत्त्व कोणत्याही प्रयोगशाळेतील तर्कपद्धतीहून वेगळे नाही. मायकेल पोलान्यी यांनी ज्याला शब्दांत पूर्णपणे न मांडता येणारे ज्ञान म्हटले, त्याचा अंश येथे आहेच. परंतु हे ज्ञान म्हणजे केवळ हाताची सवय नव्हे, तर त्यात स्पष्ट अनुमानपद्धती आहे, ही बाब लक्षात घेणे आवश्यक ठरते.

ऋतू, घाट आणि भेसळ

या ज्ञानाला स्थानिक भूगोलाचीही बैठक होती. मे महिन्यात खंडाळा किंवा कसारा घाट चढताना गाडीचा वेग कमी आणि इंजिनावरील भार अधिक असतो. पुरेसा वारा न मिळाल्याने वाफ धरण्याचा दोष तेथे हमखास उद्भवे. पावसाळ्यात मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यांवर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरे आणि ठिणगी भलत्याच वाटेने निसटे. अशा वेळी टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसणे हा साधा उपाय पुरेसा होई.

काही दोषांचे मूळ मात्र गाडीबाहेर होते. शिधापत्रिकेवरील रॉकेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने त्याची भेसळ होत असे. रॉकेल लवकर उडत नाही. त्यामुळे गाडी सकाळी सुरू होण्यास त्रास देते, इंजिन खडखडते आणि प्लगवर काजळी धरते. हीच काजळी कार्बोरेटरच्या बिघाडातही दिसत असल्याने निदान चुकण्याचा धोका असे. वास घेणे, किंवा गाळण-कागदावर थेंब टाकून डाग राहतो का ते पाहणे, या कसोट्या त्यातून रूढ झाल्या. या भेसळीमागील हितसंबंध किती घातक होते, हे जानेवारी २०११ मध्ये स्पष्ट झाले. मनमाडजवळ इंधन भेसळीविरुद्ध कारवाई करताना मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले.

शिक्षण आणि त्याची किंमत

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा झाला. तरीही गॅरेजमधील बरेचसे शिक्षण उस्ताद आणि पोऱ्या यांच्या नात्यातूनच होत राहिले. या परंपरेचे उदात्तीकरण करणे मात्र योग्य होणार नाही. पाने देण्यापासून सुरुवात करणारा पोऱ्या पुष्कळदा शाळेच्या वयाचा असे. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यातील धोकादायक व्यवसायांच्या यादीत मोटार गॅरेजचा समावेश नंतर करण्यात आला, तो याच कारणाने. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची रीत सर्रास होती, आणि फेब्रुवारी २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल येईपर्यंत त्या पेट्रोलमध्ये शिसे असण्याचा संभव होता. ज्ञानाचे हे मूल्य शरीराने चुकविले जात होते.

स्थित्यंतर : दोषाकडून संकेतांकाकडे

सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल १९९९ च्या आदेशाने राजधानी क्षेत्रात युरो निकष लागू झाले आणि २००० पासून नवे उत्सर्जन निकष देशभर आले. कार्बोरेटरची जागा संगणकनियंत्रित इंधन-फवारणीने घेतली. २०१० नंतर गाडीतच दोषनोंद करणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. शहरांतील हवेच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. मुंबईत २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली.

यामुळे निदानाची गरज संपली, असे मात्र नाही. उदाहरणार्थ, 'पी०१७१' हा संकेतांक मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. हवेची गळती, दुबळा पंप की मळलेला संवेदक, हे तो सांगत नाही. तेथून पुढे जुनीच वजाबाकी करावी लागते. बदलले ते ज्ञानाचे स्वामित्व. ठिणगी पाहण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. संकेतांक वाचण्याची साधने व तांत्रिक माहिती मात्र उत्पादकाच्या हाती गेली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग व निदान-साधने स्वतंत्र गॅरेजना खुली न ठेवल्याबद्दल १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या आदेशाविरुद्ध अपिले झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली व त्यात मोटार क्षेत्राचा अंतर्भाव केला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, गॅरेजमधील दोषनिदान ही टंचाई, स्थिर रचना आणि स्थानिक हवामान यांतून घडलेली एक तर्कशुद्ध ज्ञानपद्धती होती. औपचारिक शिक्षणाने तिला कौशल्य म्हटले, ज्ञान म्हटले नाही. हाताने काम करणाऱ्याच्या विचाराला विचार न मानण्याची सामाजिक सवय त्यामागे आहे. दुरुस्तीच्या हक्काचा आजचा प्रश्न केवळ ग्राहकाच्या सोयीचा नाही. यंत्र समजून घेण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याचा गाभा आहे. कार्बोरेटरच्या काळातील मिस्त्री आज वृद्धत्वाकडे झुकले आहेत. महाविद्यालयांतील इतिहास आणि तंत्रशिक्षण विभागांनी एकत्र येऊन त्यांची मौखिक साक्ष, त्यांची परिभाषा आणि त्यांच्या कसोट्या नोंदवून ठेवल्या नाहीत, तर महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एक मोठा भाग कायमचा अलिखित राहील.