चालकविरहित टॅक्सी, सॅन फ्रान्सिस्को
कॅमेरे, संवेदक व संगणक यांच्या आधारे चालकाविना धावणाऱ्या टॅक्सींची अमेरिकेतील सेवा. १० ऑगस्ट २०२३ रोजी कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक सेवा आयोगाने वेमो व क्रूझ या कंपन्यांना शहरात दिवसरात्र भाड्याने प्रवासी नेण्याची मुभा दिली. अग्निशमन दलाने आधीच तक्रारी केल्या होत्या : गोंधळलेली गाडी जागीच थांबते, बंबाची वाट अडते आणि ‘बाजूला घ्या’ असे सांगायला आत कोणी नसते. काहींनी बॉनेटवर वाहतुकीचे शंकू ठेवून या गाड्या थांबवल्या.

२ ऑक्टोबरला दुसऱ्या मोटारीच्या धडकेने फेकली गेलेली एक पादचारी स्त्री क्रूझच्या गाडीखाली सापडली. गाडी थांबली, मग धडक बाजूने बसली असे समजून कडेला सरकली आणि तिला सुमारे २० फूट फरफटत नेले. अपघातानंतर कडेला होणे एरवी योग्यच; पण खाली माणूस आहे हे यंत्राला कळले नाही. त्याहून गंभीर म्हणजे सरकारी यंत्रणेला दिलेल्या अहवालात फरफटीचा उल्लेखच नव्हता. २४ ऑक्टोबरला क्रूझचे परवाने स्थगित झाले. डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझची मालक कंपनी जनरल मोटर्सने क्रूझच्या टॅक्सीसेवेचा निधी थांबवला.

भारतात आक्षेप रोजगाराचा आहे. चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये नागपुरात सांगितले.