तळटीप १४ : ‘तीन गोऱ्यांचं वाजवणं’

१४. उरवड्याच्या चावडीवर रेडिओ लावताच आधी ऐकू येणाऱ्या आकाशवाणीच्या सुरावटीविषयी लेखक इथे बोलतो. तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिन, एवढाच तिचा ऐवज. ‘तीन गोरे’ मात्र बरोबर नाही. सुरावटीचे श्रेय सहसा ज्यांना देतात, त्या वॉल्टर काउफमान (१९०७–८४) यांचे मुंबईत खरोखरच एक त्रिकूट होते : पियानोवर ते स्वतः, चेलोवर इटालियन एडिजिओ व्हेर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता. मेहता मुंबईचेच पारशी. झुबिन मेहतांचे वडील. सुरावटीतले व्हायोलिनही त्यांचेच, असे सांगतात. काउफमान बोहेमियातले ज्यू. हिटलरशाहीचे दिवस ओळखून १९३४ मध्ये ते मुंबईत आले. आपले संगीत प्रथम त्यांना अगम्यच वाटले. पण कोट्यवधी लोकांना जे भावते ते निरर्थक कसे असेल, म्हणून ते चिकाटीने ऐकत राहिले. (आपल्याकडच्या किती जाणकारांनी त्यांच्या संगीतासाठी एवढे कष्ट घेतले?) १९३७ ते १९४६ ते मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवताना उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. — संपा.