राधानगरी : लेकीच्या नावाचे गाव आणि अपुरी राहिलेली भिंत

#थ्रेड #कोल्हापूर #इतिहास

श्रावणात कोल्हापुरात कोणालाही विचारा, पहिला प्रश्न एकच असतो : राधानगरीचे किती दरवाजे उघडले? सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानेच ते उघडतात आणि पंचगंगेकाठची गावे सावध होतात. मात्र हे नाव कोणाचे, हे सांगणारे फार थोडे भेटतात.

थोडे मागे जाऊ. राजर्षी शाहू महाराजांच्या हाती १८९४ मध्ये राज्यकारभार आला आणि दोनच वर्षांत दुष्काळ व प्लेग यांनी करवीर संस्थानाला गाठले. शतक संपता संपता पुन्हा दुष्काळ पडला. मोठी विसंगती अशी की, याच संस्थानाच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीत धो धो पाऊस कोसळत होता. तो ओढ्यानाल्यांतून वाहून जाई आणि पूर्वेकडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसे. म्हणजे उणीव पावसाची नव्हतीच. उणीव होती पाणी अडवण्याची.

१९०२ मध्ये महाराजांनी पाटबंधाऱ्यांचे स्वतंत्र धोरण आखले. विहिरी, तळी यांकडे लक्ष गेलेच. पण खरी झेप होती भोगावती नदीवर, फेजिवडे गावापाशी, दगडी धरण बांधण्याची. एका लहान संस्थानाने स्वतःच्या तिजोरीतून एवढे काम अंगावर घेणे हे धाडसच होते. काही जण त्याला अविचारही म्हणाले असतील, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे अगदीच चुकले नसते.

धरणाजवळ वसलेल्या वसाहतीला महाराजांनी आपल्या कन्येचे, राधाबाई ऊर्फ आक्कासाहेबांचे, नाव दिले. तलावाला राणी लक्ष्मीबाईंचे. म्हणून राधानगरी आणि लक्ष्मी तलाव. १९०८ मध्ये आक्कासाहेबांचा विवाह देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. हे तेच तुकोजीराव, ज्यांच्या दरबारात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये खासगी सचिव होता. हा संसार मात्र टिकला नाही. आक्कासाहेब कोल्हापूरला परतल्या.

धरणाचीही गत काहीशी तशीच. भिंत सुमारे चाळीस फुटांपर्यंत चढली आणि १९१८ च्या सुमारास पैशाअभावी काम थांबले. महायुद्धाने सगळेच महाग केले होते. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. पूर्ण भरलेला लक्ष्मी तलाव त्यांनी कधीच पाहिला नाही.

इथे इतिहासाने एक वळण घेतले, ते मला फार विलक्षण वाटते. कोल्हापूरची गादी १९४७ मध्ये ज्यांच्याकडे आली, ते शहाजी महाराज मूळचे देवासचे विक्रमसिंह, म्हणजे आक्कासाहेबांचेच पुत्र. जिच्या नावाने गाव वसले, तिचा मुलगा करवीरचा अखेरचा सत्ताधारी राजा ठरला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि धरण पूर्णत्वास गेले ते १९५७ च्या सुमारास, लोकशाही सरकारच्या काळात.

साठवण सुमारे साडेआठ टीएमसी, कोयनेपुढे किरकोळच. पण भोगावतीतून पंचगंगेत उतरणारे हे पाणी, नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, काठावरचा ऊस, हिवाळ्यात धुरकटलेली गुऱ्हाळे आणि महाराजांनीच १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीतली गुळाची पेठ, ही सगळी एकाच साखळीची कडी आहेत.

तलावामागचे दाजीपूरचे जंगल ही पूर्वी संस्थानाची शिकारीची राखीव जागा. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात राधानगरीचे नाव नोंदले गेले. आता तिथे बंदुकीऐवजी दुर्बिणी घेतलेले लोक फिरतात. पुढच्या खेपेस फोंडा घाटाने कोकणात उतरण्याआधी गाडी थांबवा आणि त्या जुन्या दगडी भिंतीकडे नीट पाहा. तिचा खालचा चाळीस फुटांचा भाग महाराजांच्या हयातीतला आहे.