टेलोमिअर व पक्षाघात

टेलोमिअर व पक्षाघात : पेशीच्या वार्धक्याची एक खूण आणि मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकी तुटण्याचा आजार यांतील संबंध. कोळवणसारख्या (ता. मुळशी, जि. पुणे) गावात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात तो हाच आजार. प्रत्यक्षात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली किंवा फुटलेली असते.

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्रांची टोके. कासऱ्याचा पीळ सुटू नये म्हणून शेवटाला गाठ मारतात, तेच काम ती करतात. माणसात तेथे टीटीएजीजीजी हा सहा अक्षरी क्रम शेकडो-हजारो वेळा येतो. पेशी दुभंगताना टोकाची नक्कल पुरती उतरत नाही, म्हणून गाठ दर वेळी थोडी झिजते. ती फार आखूड झाली की पेशी दुभंगायची थांबते, पण मरत नाही. दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहते. रक्तवाहिनीच्या अस्तरात अशा पेशी साठल्या की अस्तर कडक व खरबरीत होते. टेलोमिअर व ते पुन्हा वाढवणारे टेलोमरेज हे विकर यांवरील संशोधनाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना 2009 चे नोबेल मिळाले.

लांबी सहसा रक्तातील पांढऱ्या पेशींत मोजतात. मेंदूच्या वाहिनीचे वय त्यावरून अंदाजानेच कळते, आणि निष्कर्षांत मेळ नाही. अमेरिकी परिचारिकांच्या 2013 च्या अभ्यासात लांबीचा पक्षाघाताशी संबंध आढळला नाही. संशोधकांच्या एका गटाने ब्रिटनमधील साडेतीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा सर्वांत आखूड टेलोमिअर असलेल्या एक तृतीयांश लोकांत पक्षाघाताचा धोका सुमारे 8 टक्के जास्त दिसला. रक्तदाब, साखर, तंबाखू, झोप, व्यायाम यांची घडी नीट असलेल्यांत मात्र ही वाढ दिसली नाही. आखूड टेलोमिअर हे कारण नसून झिजेची नोंद असावी, असे मानणेच आज रास्त आहे. एका व्यक्तीचे भवितव्य या चाचणीवरून सांगणे चूक होय.

महाराष्ट्राच्या खेड्यांतील पक्षाघाताचे ओझे गडचिरोलीत मोजले गेले. ‘सर्च’ संस्थेच्या योगेश्वर काळकोंडे व सहकाऱ्यांनी 86 गावांत 2011 ते 2013 या काळातील 1,599 मृत्यू तपासले. त्यांपैकी 229 पक्षाघाताचे निघाले. मृत्यूचे ते पहिले कारण ठरले, आणि बहुतेक जण घरीच दगावले.

म्हणून खेड्यात टेलोमिअर मोजण्याआधी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजावा आणि मिश्री-तंबाखू सोडवावी. तोंड वाकडे होणे, हात उचलल्यावर खाली पडणे, बोबडी वळणे यांपैकी एकही लक्षण दिसताच मालिशीत वेळ न घालवता रुग्णास रुग्णालयात हलवावे. गुठळी विरघळवणारे औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. कोळवणच्या माणसाला पौडमार्गे पुण्याला पोहोचायचा वेळही याच साडेचार तासांत धरावा लागतो.