काळ्या पेल्यातील इतिहास

'आस्वाद' हा शब्द समीक्षेने जिभेकडून उसना घेतला आहे. 'रस' आणि 'रुची' हे शब्दही तिकडचेच. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनींनी रसाची उपपत्ती सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचाच दृष्टान्त दिला आहे. असे असूनही प्रत्यक्ष चवीविषयी लिहिण्याची वेळ आली की आम्ही साहित्याचे अध्यापक चाचपडू लागतो. एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून आणलेली 'इम्पीरिअल ओटमील स्टाउट'ची बाटली आम्ही दोघांनी मिळून उघडली, तेव्हा याचा प्रत्यय आला. स्टाउट म्हणजे गडद रंगाची बिअर; 'इम्पीरिअल' म्हणजे त्यातही अधिक कडक; आणि 'ओटमील' म्हणजे जवाच्या जोडीला ओट वापरलेली. बाटलीवरच्या मजकुरात रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या काळापासूनची परंपरा सांगितली होती. आम्ही तो मजकूर आधी वाचला, मग चव घेतली. हा क्रम चुकला, हे नंतर उमगले.

पेल्यात ओतताना द्रव काकवीसारखा संथ उतरला. दिव्यासमोर धरला तरी आरपार दिसेना. वर विटकरी रंगाचा पातळ फेस आला आणि लवकरच विरला. पहिला वास भाजलेल्या कॉफीचा होता. पाठोपाठ काकवीचा, आणि मागून भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याचा. आमच्यापैकी एकाला त्यात मनुका जाणवल्या, दुसऱ्याला अखेरपर्यंत जाणवल्या नाहीत. घोट घेतल्यावर आधी गोडवा, मग कडूपणा, आणि या दोहोंना धरून ठेवणारा सायीसारखा मऊपणा. गिळल्यावर घशात ऊब उतरते आणि कडवटपणा बराच वेळ रेंगाळतो. वहीत आम्ही एवढे लिहिले आणि शेवटी एक ओळ जोडली : 'चवीला दरबारी भारदस्तपणा आहे.'

पुढे इतिहास चाळला, तेव्हा ध्यानात आले की या एका घोटातला प्रत्येक गुण निराळ्या काळातून आलेला आहे.

सर्वांत जुनी आहे ती घशातली ऊब. सॅम्युएल जॉन्सनने आपल्या कोशात 'स्टाउट' म्हणजे कडक बिअरचे बाजारी नाव, एवढाच अर्थ दिला. रंगाचा उल्लेख केला नाही. या धंद्याशी जॉन्सनचा संबंध केवळ कोशापुरता नव्हता. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर, साउथवर्क भागात, त्याचा स्नेही हेन्री थ्रेल याचा 'अँकर' हा बिअरचा मोठा कारखाना होता. १७८१ मध्ये थ्रेल वारला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांत जॉन्सन होता. कारखाना १,३५,००० पौंडांना विकला गेला आणि पुढे बार्कले-पर्किन्स या नावाने प्रसिद्धीस आला. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन याच्या १७९६ च्या रोजनिशीत, थ्रेलच्या कारखान्यातील पोर्टर रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास बनवली जाते, अशी नोंद आहे. पोर्टर ही लंडनची तपकिरी बिअर. स्टाउट हे तिचेच कडक रूप. त्याच वर्षी कॅथरीनचा मृत्यू झाला. म्हणजे बाटलीवरची कथा निराधार नाही.

परंतु आम्हाला जाणवलेली कॉफी आणि करपलेली भाकरी सम्राज्ञीच्या पेल्यात या रूपात असणे संभवत नाही. त्या काळी पोर्टरचा रंग तपकिरी माल्टचा, म्हणजे मोड आणून विस्तवावर वाळवलेल्या जवाचा, असे. पुढे घनतामापक यंत्राने दाखवून दिले की तेवढ्याच दामात फिक्या माल्टमधून अधिक सत्त्व निघते. कारखानदार तिकडे वळले आणि रंग हरवला. तो परत आणण्याची युक्ती १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने काढली : कॉफी भाजण्याच्या पिंपासारख्या फिरत्या पिंपात माल्ट काळा होईपर्यंत भाजायचा. आज स्टाउटचा प्राण समजला जाणारा करपट काळेपणा रूढ झाला तो या युक्तीनंतर. कॅथरीनच्या मृत्यूला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.

मऊपणाची कहाणी याहून चमत्कारिक आहे. हा मऊपणा ओटचा. त्यातील बीटा-ग्लुकन हे तंतुद्रव्य द्रवाला दाटपणा देते. इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसे खातात ते धान्य, असा ओटचा खोचक अर्थ जॉन्सनने १७५५ च्या कोशात दिला होता. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर रद्द करून तो तयार बिअरवर बसवला आणि इतर धान्ये वापरण्याची मोकळीक मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओटमील स्टाउट आली ती आजाऱ्यांना पौष्टिक म्हणून. बार्कले-पर्किन्सनेही ती काढली. पण १९३६ च्या सुमारास तिच्यात ओटचे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का होते, आणि तेवढेच ओट त्यांच्या साध्या स्टाउटमध्येही असत. जॉन्सनच्या स्नेह्याच्या कारखान्यात ओट अखेर पोहोचले, ते प्रामुख्याने नावापुरते! पुढे हा प्रकारच लोपला. १९८० मध्ये यॉर्कशायरमधील टॅडकास्टरच्या सॅम्युएल स्मिथ यांनी अमेरिकेतील आयातदाराच्या मागणीवरून तो पुन्हा सुरू केला. त्यानंतरच्या छोट्या कारखान्यांनी ओट सढळ हाताने घातले आणि 'इम्पीरिअल' हे विशेषण केवळ 'कडक' या अर्थाने त्याला जोडले.

तेव्हा आम्ही चाखलेली परंपरा सम्राज्ञीपासून अखंड आलेली नव्हती. ऊब अठराव्या शतकातली, काळेपणा १८१७ नंतरचा, मऊपणा बराचसा १९८० नंतरचा. यामुळे चव उणावत नाही. प्रश्न आमच्या त्या शेवटच्या ओळीचा आहे. 'दरबारी भारदस्तपणा' जिभेने सांगितला नव्हता. तो आम्ही बाटलीवर वाचला आणि पेल्यात शोधून काढला. कवितेच्या बाबतीत आपण वर्गात वेगळे काय करतो? आधी कवीची आख्यायिका सांगतो, मग ती ओळींमध्ये 'जाणवते' म्हणतो, आणि विद्यार्थी उत्तरपत्रिकेत तेच लिहितात. आस्वादक समीक्षेवर इतिहासाचे ओझे नको, असे आम्हीही एके काळी म्हणत होतो. पण अनुभव कुठला आणि ऐकीव कुठले, हे आम्हाला इतिहासानेच दाखवले.

वहीतली ती ओळ आम्ही खोडली. काकवी ठेवली, करपलेली भाकरी ठेवली. मनुकांबद्दल आमचा मतभेद कायम आहे.