कटला-रोहूसाठी रॉड घ्यायचाय? आधी पाणी बघा, मग दुकान

वाशिम : पाऊस बरा झाला की जिल्ह्यातली शेततळी भरतात आणि धुऱ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांची संख्या वाढते. पूर्वी बांबूची काडी, तंगूस, गळ आणि डबीभर गांडूळ एवढ्यावर भागायचं. आता पोरं मोबाईलवर व्हिडिओ पाहतात आणि बारा फुटांचा रॉड अन् रील असा सेट घरपोच मागवतात. पहिला मोठा कटला लागतो, रीलमधले दाते झिजून कटकट आवाज येतो आणि रॉड गोठ्याच्या आढ्याला जाऊन बसतो. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून नवीन माणसानं काय बघावं, ते इथे सांगतो.

कार्प जातीत आपल्याकडचे कटला, रोहू, मृगळ येतात, तसेच बाहेरून आलेले सायप्रिनस, गवत्या आणि चंदेराही येतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. चंदेरा पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो, म्हणून तो गळाला क्वचितच लागतो. या सगळ्यांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. हे मासे आमिष ओढून घेतात आणि त्यांचे ओठ मऊ असतात. अंगात मात्र ताकद लय. म्हणजे आपल्याला ओढताना वाकणारा रॉड आणि ताण आला की दोरी सोडणारी रील हवी. काठीसारखा ताठ रॉड घेतला तर एकतर ओठ फाटून मासा सुटतो, नाहीतर तंगूस तुटतो.

लांबी किती?

हे तुमच्या पाण्यावर ठरतं. 2016 साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत सगळ्यात मोठं शेततळं 30 बाय 30 मीटरचं आणि 3 मीटर खोल होतं. अशा तळ्याच्या काठावरून मध्यापर्यंतचं अंतर भरतं पंधरा मीटर. तेवढ्यासाठी बारा फुटांचा रॉड कशाला? सात-आठ फुटांचा पुरे. मोटारसायकलवर नेता येतो आणि तुरीच्या ओळीतही अडकत नाही. एकबुर्जी, सोनल, अडाण अशा प्रकल्पांवर काठाचं पाणी उथळ असतं, आमिष लांब फेकावं लागतं. तिथे दहा ते बारा फूट ठीक.

लांबीपेक्षा महत्त्वाचा आकडा मुठीच्या वर छापलेला असतो, तो बहुतेक जण वाचतच नाहीत. '10-40 ग्रॅम' असं काही लिहिलेलं असतं. याचा अर्थ शिसं आणि आमिष मिळून तेवढं वजन या रॉडनं फेकायचं. कणकेचा किंवा ढेपेचा लिंबाएवढा गोळा आणि त्यात शिसं धरलं की वजन सहज चाळीस ग्रॅमच्या वर जातं. '5-15 ग्रॅम'च्या नाजूक रॉडनं ते जोरात फेकलं तर शेंडा तुटतो. खास कार्पच्या रॉडवर ग्रॅमऐवजी पौंडाचा आकडा असतो, उदाहरणार्थ 2.75. शेंडा काटकोनात वाकवायला तेवढी ओढ लागते, म्हणजे साधारण सव्वा किलो.

घडी होऊन एकात एक जाणारे रॉड स्वस्त आणि न्यायला सोपे असतात, पण सांध्यात रेती गेली की अडकतात. माझं मत विचाराल तर दोन तुकड्यांचा घ्या. फायबरग्लासचा जड असतो पण मार सोसतो, कार्बनचा हलका असतो पण आपटला की तडकतो. पहिला रॉड फायबरग्लासचा किंवा दोन्हींच्या मिश्रणाचा बरा.

दुकानात गेलात तर खिशात कापसाचा बोळा ठेवा, आपल्या जिल्ह्यात त्याला काय तोटा! रॉडच्या प्रत्येक कडीतून तो आतून फिरवा. कापसाचे धागे अडकले तर कडीला चीर आहे, ती चीर तंगूस कापणार. ऑनलाईन मागवलेला रॉडही परत करण्याची मुदत संपण्याआधी असाच तपासा.

बांबूला मात्र हसू नका. इंग्लंडमध्ये 1952 साली रिचर्ड वॉकर यांनी 44 पौंडांचा, म्हणजे सुमारे 20 किलोचा कार्प पकडला, तो स्वतः तयार केलेल्या चिरलेल्या बांबूच्या रॉडनं. तो तिथला विक्रम बरीच वर्षं टिकला.

रीलवर हात आखडू नका

दोन-तीन हजारांचं बजेट असेल तर निम्म्याहून जास्त पैसे रीलवर घाला. साधा रॉड निभावून नेतो, खराब रील नाही. नवख्यासाठी स्पिनिंग रील घ्यावी. शेततळ्याला 3000 नंबरची, प्रकल्पाला 4000 ते 5000. प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं असतं, म्हणून फिरकीवरचा आकडा वाचा. '0.30/200' म्हणजे 0.30 मिलिमीटर जाडीचा तंगूस 200 मीटर मावतो. एवढं भरपूर झालं. डब्यावर बेअरिंगची मोठी संख्या छापलेली असते, तिला भुलू नका. हँडल हळू फिरवून बघा, खरखर लागली तर ती रील परत ठेवा.

रीलचा जीव ड्रॅगमध्ये असतो. फिरकीच्या पुढची चकती आवळली की दोरी घट्ट, सैल केली की सुटते. ती हळूहळू सुटली पाहिजे, झटके देत नाही. बसवायची पद्धत अशी : रॉडला तंगूस ओवून त्याचं टोक लटकत्या ताणकाट्याला बांधा आणि ओढा. तंगूस सहा किलोचा असेल तर काटा दीड ते दोन किलो दाखवेपर्यंत दोरी सुटायला लागली पाहिजे. गड्यांनो, नव्वद टक्के मासे इथेच जातात असं म्हटलं तरी चालेल. ड्रॅग करकचून आवळलेला असतो.

तंगूस 0.30 ते 0.35 मिलिमीटरचा साधा नायलॉन घ्या. विणलेली दोरी बारीक आणि मजबूत असते, पण ताणत नाही आणि बोटं कापते. ती पुढे कधीतरी. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, कोरडी गाठ घासून कमजोर होते.

प्लास्टिकच्या तळ्यावर जपून

अस्तरीकरण केलेल्या तळ्यात शिसं तळाशी ओढलं तर गळ प्लास्टिकमध्ये रुततो. एक भोक पडलं की पाणी गेलं. अशा तळ्यात आमिष बुचाखाली टांगून तळापासून हातभर वर ठेवा.

आणि आता जिवाची गोष्ट. रॉड काठावर ठेवून माणूस चहाला जातो, ड्रॅग घट्ट असतो आणि मासा रॉडच घेऊन जातो. त्याच्या मागे तळ्यात उतरू नका. ओलं प्लास्टिक आणि त्यावरचं शेवाळ यावर पाय टिकत नाही, आत गेलेल्याला उतारावरून वर येता येत नाही, पोहता येत असलं तरी. रॉड ठेवायचाच तर ड्रॅग सैल करा आणि मुठीला दोरी बांधून खुंटीला अडकवा. तळ्यावर गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम ठेवा. लहान पोरांना एकटं पाठवू नका. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, त्यामुळे वावरातून तारा गेल्या असतील तिथे रॉड उभा करून फिरू नका आणि ढग गडगडले की तो खाली ठेवून घरी या.

शेततळं स्वतःचं असेल तर प्रश्न नाही. प्रकल्प, तलाव आणि पैनगंगेवरच्या बॅरेजच्या ठिकाणी मात्र मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार संस्थेकडे असतो. बीज त्यांच्या पैशाचं, पोटही त्यावरच. भोई बांधवांना आधी विचारा. विचारल्यावर ते बहुतेक वेळा जागाही सांगतात आणि आमिषही.

घरी आल्यावर रॉड-रील साध्या पाण्यानं पुसा, ड्रॅग सैल करा, हँडलच्या खिळीला तेलाचा एक थेंब द्या. फवारणीच्या पंपाजवळ ठेवू नका, औषधाचा वास तंगूसला लागला की मासा आमिषाजवळ येत नाही, असं जुने गळकरी सांगतात. रॉडसोबत एक लांब दांड्याची झोळी घ्या, कारण काठाशी आलेला कटला तंगूसला धरून उचलायला गेलात की शेवटची उडी तो तिथेच मारतो.